नागपुरातले सहा दिवस आणि मागचं गेट

नागपूरला जाऊन आले म्हटल्यावर आमच्याकडे पहिला प्रश्न येतो तो संत्र्यांचा आणि दुसरा उन्हाचा. संत्री आणली होती, ऊनही भरपूर खाल्लं होतं. पण "काय काय पाहिलंस?" असं कुणी विचारलं आणि मी खरं उत्तर दिलं, की समोरचा माणूस गोंधळतो. मी रस्त्यातला एक दुभाजक पाहिला, कारखान्यांच्या बसगाड्या पाहिल्या आणि एका सरकारी कचेरीत अर्धा दिवस बसले. प्रेक्षणीय म्हणतात तसं एकही ठिकाण झालं नाही. तरी इतका भरलेला प्रवास मी आजवर केलेला नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

मी कोकणातल्या एका छोट्या नगरपरिषदेत नकाशे काढते. पदाचं नाव आरेखक. मार्चमध्ये शिल्लक रजा संपवायची म्हणून मामेबहीण माधुरीकडे नागपूरला निघाले. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान. लग्न होऊन तिकडे गेली त्याला वीसेक वर्षं झाली, आणि बोली तर पुरती तिकडची झाली आहे.

स्टेशनवर ती आणि तिचे यजमान प्रकाशराव दोघंही आले होते.

"बाप्पा, ताई वं, किती वाळली तू!" माधुरी म्हणाली आणि लगेच, गाडीत बसायच्या आधीच, "बरं झालं आली. शुक्रवारी आमची सुनावणी आहे. तू नकाशे वाचते, मले तुझीच गरज होती."

प्रकाशरावांनी डिकी बंद केली. "आणि हेही सांग ना ताईले, की ज्याच्यावर हरकत घेऊन राहिली त्याच्यात नवऱ्यानं गाळा बुक केला आहे."

तेव्हा मला वाटलं हे नवराबायकोतलं थट्टेचं भांडण असेल. घरी पोहोचेपर्यंत दोघं एकमेकांशी पुन्हा बोलले नाहीत, तेव्हा कळलं की थट्टा नाही.

जेवणाच्या टेबलावरचा नकाशा

माधुरीचं घर कामठी रोडपासून थोडं आत, एका जुन्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत. लेआउट आणि रस्ता यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा आहे. त्या जागेवर एक बिल्डर व्यापारी संकुल बांधणार होता. विकास आराखड्यात ती जागा घरांसाठी होती, ती व्यापारासाठी करून द्या असा त्याचा अर्ज. अशा बदलाआधी लोकांच्या हरकती मागवतात. माधुरी आणि लेआउटमधल्या बायकांनी हरकत नोंदवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर्रीपोहे झाले. पोह्यांवर लालभडक रस्सा ओततात हे मी ऐकून होते, पण डोळ्यांतून पाणी यायला दोनच घास लागले. माधुरीनं मला वरून सांबार घालू का विचारलं. मी म्हटलं, पोह्यांवर सांबार कशाला, एवढा रस्सा आहे तो पुरे. ती हसत सुटली. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

बशा उचलून तिनं टेबलावर संकुलाच्या नकाशाची झेरॉक्स पसरली. माझी नजर सवयीनं आधी बाणांवर गेली. गाड्या आत शिरायचा बाण, बाहेर पडायचा बाण, तळघरात उतरायचा बाण, तीन मजल्यांच्या पार्किंगमध्ये फिरायचे बाण. पायी येणाऱ्या माणसासाठी एकही नव्हता. लेआउटच्या बाजूला सलग भिंत. संकुलाचं एकमेव दार हमरस्त्यावर. माधुरीच्या फाटकापासून ती भिंत हाकेच्या अंतरावर होती, पण दारापर्यंत पोहोचायचं तर गल्लीतून कामठी रोडला जा, तिथून ट्रकांच्या कडेनं मागे या. एवढं कोण चालणार? शंभर पावलांवरचं दुकान, पण जो तो गाडी काढणार.

"तुमच्या अर्जात काय लिहिलंय?" मी विचारलं.

"संकुल नको, असं."

"मग ते तुमचं म्हणणं ऐकून घेतील आणि बाजूला ठेवतील. नको म्हणू नका. कसं पाहिजे ते लिहा. परवानगी देताना अटी घालता येतात. आणि अटी पुऱ्या झाल्याशिवाय इमारत वापरायचा दाखला देऊ नका असंही म्हणता येतं."

प्रकाशराव दुकानात जायला निघाले होते, ते दारात थांबले. "ताई, तुमच्या गावात असन तसं. इथं पार्किंग नसल तं गिऱ्हाईक गाडी वळवून निघून जाते. मी तो धंदा करतो."

त्यांचं म्हणणं मी उडवून लावलं नाही. मला ते खोडायचं होतं, पण पाहून. याच रस्त्यावर थोड्या अंतरावर असंच एक संकुल दोन-तीन वर्षांपासून चालू होतं. तिथे जायचं ठरलं. त्या संध्याकाळी प्रकाशरावांनीच गाडीनं नेलं. आत शिरायला रांग, जागा शोधायला फेऱ्या, बाहेर पडायला पुन्हा रांग. बहुतेक गाड्यांमधून एकेकटा माणूस उतरत होता. एक उशीचा अभ्रा घेऊन आम्ही परतलो तोवर प्रकाशरावांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

दुभाजकावर

पुढच्या सकाळी मी एकटीच निघाले, बसनं. ज्याच्याकडे गाडी नाही तो कसा पोहोचतो हे गाडीत बसून दिसणार नव्हतं. माधुरीनं माझ्या डोक्याला आणि तोंडाला ओढणी अशी गुंडाळली की फक्त डोळे उरले. तिकडे सगळ्या बायका, स्कूटरवरच्या मुलीसुद्धा, अशाच जातात. आमच्याकडे मला कुणी असं पाहिलं असतं तर दवाखान्यात नेलं असतं.

बस संकुलाच्या बरोबर समोर थांबली, पण रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला. मधे कमरेएवढा दुभाजक. रीतसर पलीकडे जायचं तर पुढचा चौक बराच लांब. माझ्याबरोबर उतरलेल्या बायका चौकाकडे गेल्याच नाहीत. दुभाजकाचा एक दगड निखळून फट पडली होती, तिथून एकेक जण साडी सावरत निघाली. मीही मागून गेले. फटीत पाय ठेवला आणि माझ्या चपलेचा पट्टा सुटला. वाकून बघते तोच कुणीतरी मनगट धरून मला मागे खेचलं.

"थांबा ना बाई! ट्रक दिसून नाही राहिला काय?"

ट्रक गेला. त्याच्या वाऱ्यानं तोंडावरची ओढणी उडाली. मग त्याच बाईनं मला हाताला धरून पलीकडे नेलं. तिचं नाव लता. वय चाळिशीचं, अंगात निळा कोट. ती त्याच संकुलात साफसफाईला होती. रोज कामठीच्या पलीकडच्या कन्हान गावाहून यायची. कामगारांच्या दाराशी मला बसवून तिनं चपलेला सेफ्टी पिन लावून दिली.

"चौकातून काहून नाही येत तुम्ही?" मी विचारलं. तीन दिवसांत माझ्या तोंडीही 'का'च्या जागी 'काहून' आलं होतं.

"चौकातून आलं तं उशीर होते. उशीर झाला तं हजेरी लागत नाही." मग कोटाची बटणं लावता लावता ती म्हणाली, "आमची सरिता इथंच पडली. मागच्या पावसाळ्यात. मोटारनं उडवली. पायात सळई आहे आता. कामावर येत नाही."

मी सांगितलं की शुक्रवारी अशाच एका नव्या संकुलाची सुनावणी आहे. ती म्हणाली, "मले माहीत आहे ते. आमच्यातल्या कित्येक जणी तिकडं लागायचं म्हणून राहिल्या. कन्हानहून जवळ पडते."

"सरिताला भेटता येईल?"

"उद्या माझी सुट्टी आहे. या."

कन्हान

कन्हानला माधुरी आणि मी बसनंच गेलो. नदीवरच्या पुलाशी कोळशाचे ट्रक एकामागून एक उभे. आमच्याकडे नदी म्हणजे दोन्ही काठांना झाडांची दाटी. इथे पात्र रुंद, पाणी एका बाजूला सरकलेलं, आणि उरलेल्या वाळूवर लख्ख ऊन. वस्तीतल्या प्रत्येक पत्र्याच्या दारावर काळसर धूळ बसलेली.

सरिता घराच्या ओट्यावर लाख नावाची तिकडची डाळ निवडत बसली होती. तिशीचीही नसेल. आम्ही आलो तरी सूप हातातून सुटलं नाही. कुबडी भिंतीला टेकवलेली. माधुरीनं काय झालं ते विचारलं. सरितानं फार सांगितलं नाही.

"सगळे म्हणतात, धावली असती तं वाचली असती. खरं आहे ते. मी धावली नाही. हातात डबा होता."

मी म्हटलं, "सरिता, कामाला जाणाऱ्या बाईनं धावायचं काहून? तुझी चूक नाही यात. बस त्या बाजूला थांबते आणि दार या बाजूला आहे, हे ज्यांनी ठरवलं त्यांनी बघायला हवं होतं."

ती डाळ निवडत राहिली. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "असं कोणी म्हटलं नाही अजून." आणि पदर डोळ्यांना लावला. लताबाई उठून आत पाणी आणायला गेल्या.

दुपारी लताबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकर, भरलेली वांगी, हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्या तांदळाच्या भाकरीपेक्षा ही जाड आणि गोडसर. मी दोन खाल्ल्या. हात धुताना लताबाई म्हणाल्या, "शुक्रवारी मी येते. खाडा पडन एक. पडू दे."

परतताना बसमध्ये माधुरी खिडकीकडे तोंड करून बसली होती. आपल्या लेआउटच्या शांततेसाठी तिनं हरकत घेतली होती. ते आता तिला अपुरं वाटत होतं, असं तिनं नंतर सांगितलं. त्या वेळी फक्त एवढंच म्हणाली, "ताई, अर्ज पुन्हा लिहू."

बुटीबोरी

गुरुवारी प्रकाशरावांना बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत कामासाठी जायचं होतं. त्यांनी आपण होऊन विचारलं, "चालता काय? तिथली पाळी सुटताना पाहा. तुम्हाला रस्त्यावरच्या गाड्यांचा फार शौक आहे." टोमणा होता, पण आमंत्रणही होतं.

शहर संपल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुलला होता. पान एक नाही, नुसता केशरी रंग. कोकणात पळस आहे, पण हिरव्या गर्दीत तो एवढा दिसत नाही. इथे सपाट माळावर दुसरं काहीच नसल्यानं नजर हटत नव्हती.

एका कापड कारखान्याच्या फाटकाबाहेर आम्ही थांबलो. भोंगा झाला आणि बिहार, ओडिशा, विदर्भ, सगळीकडचे कामगार बाहेर पडले. काही सायकलींवर, बाकीचे थेट रांगेत उभ्या असलेल्या कंपनीच्या बसगाड्यांमध्ये. बसगाड्या फाटकाच्या आत, दाराला लागून होत्या. कुणालाही रस्ता ओलांडावा लागत नव्हता. एका बसचा ड्रायव्हर, ज्ञानेश्वरभाऊ, फाटकाजवळच टायरला पाणी मारत होता. त्याला मी विचारलं की कंपनी बस का ठेवते.

"दया म्हणून नाही ठेवत बाई," तो हसला. "पाळी वेळेवर सुरू झाली पाहिजे. आणि सगळे आपापली गाडी घेऊन आले तं ठेवतील कुठं? ते पाहा." त्यानं कुंपणाच्या आतली एक लांबलचक नवी शेड दाखवली. "तिथं मोटारसायकली राहत होत्या. बस सुरू केली, जागा मोकळी झाली, शेड उभी झाली. तिच्यात मशीनी लागल्या."

प्रकाशराव इतका वेळ गाडीला टेकून मोबाइल बघत होते. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला.

"म्हणजे पार्किंगच्या जागेत धंदा उभा केला?"

"तेच तं."

येताना त्यांनी गाडीत गाणी लावली नाहीत. नागपूर जवळ आलं तेव्हा म्हणाले, "ताई, तीन मजले पार्किंगचे आहेत ना त्या नकाशात? एका मजल्यावर गाळे किती बसतील?"

"तुम्हीच सांगा, धंदा तुमचा आहे," मी म्हटलं. आरशात त्यांच्या मिशा हललेल्या दिसल्या.

त्या संध्याकाळी मी आणि माधुरीनं अर्ज नव्यानं लिहिला. मागणी चारच ओळींची. लेआउटच्या बाजूला पायी येणाऱ्यांचं गेट. बसथांबा संकुलाच्या दाराशी, आणि तिथे रस्ता ओलांडायची सुरक्षित सोय. कामगारांसाठी कन्हान-कामठी मार्गावर संकुलानं चालवायची बस. पार्किंगचा एक मजला कमी. आणि खाली अट, हे सगळं झाल्याशिवाय वापराचा दाखला नाही. सोबत मी तोच नकाशा पुन्हा काढला, पायी चालणाऱ्यांचे बाण घालून.

सुनावणी

खोलीत पंखे होते, हवा नव्हती. अधिकारी मॅडम पन्नाशीच्या, शांत. बिल्डरकडून आलेला वास्तुरचनाकार तरुण आणि अदबशीर होता. त्यानं पडद्यावर संकुलाचं रंगीत चित्र दाखवलं आणि म्हणाला, "पार्किंग आम्ही नियमापेक्षाही जास्त दिलेलं आहे. रहिवाशांच्या गल्ल्यांमध्ये एकही गाडी लागणार नाही."

माधुरी उभी राहिली. तिनं आमचा नकाशा मॅडमच्या पुढे ठेवला.

"हा कुणी काढला?"

"माझ्या ताईनं. ती इथली नाही, पाहुणी आहे."

मॅडमनी मला पुढे बोलावलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी साहेबांच्या मागे उभी राहून नकाशांच्या गुंडाळ्या उघडल्या होत्या, बोलले कधीच नव्हते. मी म्हटलं, "मॅडम, त्यांच्या नकाशात गाडीनं काय करायचं ते सगळं लिहिलंय. माणसानं काय करायचं ते लिहिलेलं नाही. दार फक्त हमरस्त्यावर ठेवलं, तर शेजारचा माणूसही गाडीच काढेल. मग तीन काय, पाच मजलेही पुरणार नाहीत."

वास्तुरचनाकार म्हणाला, "मागच्या बाजूला गेट म्हणजे सुरक्षेचा प्रश्न येतो."

तेव्हा शेवटच्या बाकावरून लताबाई उठल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. सरळ पडद्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, मी कन्हानहून बसनं येते. तुमच्यासारख्याच एका मॉलमधली फरशी पुसते. या चित्रात मी कुठून आत येते ते दाखवा."

तो पडद्याकडे वळला. बोट उचललं, आणि ते कुठे ठेवावं हे त्याला सुचेना.

"आमची एक पोरगी रस्त्यावर पडून राहिली," लताबाई म्हणाल्या. "गाडीले जागा दिली तुम्ही. आम्हाले दार द्या. एवढंच."

मग मॅडमनी आणखी कुणाला सांगायचं आहे का विचारलं, आणि प्रकाशरावांनी हात वर केला. माधुरीनं माझा दंड घट्ट धरला.

"मॅडम, मी दुकानदार आहे. माझा गाळा आहे याच्यात. संकुल झालंच पाहिजे." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "पण मागचं गेट पाहिजे. पाठीमागं एवढी वस्ती आहे, ती सगळी माझी गिऱ्हाईकं आहेत. भिंत घालून काहून अडवता त्यांना? आणि पार्किंगचा एक मजला गाळ्यांले दिला तं माझी काही हरकत नाही."

बाहेर आल्यावर माधुरी त्यांना म्हणाली, "घरी काही बोलले नाही तुम्ही."

"घरी तू बोलू देते काय?" ते म्हणाले, आणि समोरच्या टपरीवरून सगळ्यांसाठी आलूबोंडे घेऊन आले. लताबाईंना पहिला दिला.

दुसऱ्या दिवशी माझी गाडी होती. निकाल लागायचा होता.

महिन्याभरानं, एका रविवारी दुपारी माधुरीचा फोन आला. आदेश हातात पडला होता. मागचं गेट मंजूर. बसथांबा दाराशी आणि ओलांडायला सोय, मंजूर. कामगारांची बस, मागच्या गेटाशी थांबणारी, मंजूर. या तिन्हींशिवाय वापराचा दाखला मिळणार नाही असं स्पष्ट लिहिलं होतं. पार्किंगचा मजला मात्र कमी झाला नाही. नियमात किमान किती हवं एवढंच आहे, कमाल नाही, असं कारण दिलं होतं.

"त्याच्यासाठी पुन्हा अर्ज करून राहिलो आम्ही," माधुरी म्हणाली. "आता हेही सही करणार आहेत. थांब, लताबाई इथंच आहेत, त्यांना बोलायचं आहे."

मी अभिनंदन वगैरे म्हणायला लागले, तर लताबाईंनी मध्येच तोडलं.

"ते सारं ठीक आहे ताई. पण ते मागचं गेट सकाळी कितीले उघडते? आमची पाळी दुकानं उघडायच्या आधी राहते. गिऱ्हाईकांच्या वेळेले उघडलं तं आम्ही पुन्हा रस्त्यावरूनच जाऊ."

नकाशा मी काढला होता, अर्ज आम्ही दोघींनी चारचारदा वाचला होता, आणि हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"फोन ठेवू नका," मी म्हटलं आणि कागद ओढला. "पहिली पाळी किती वाजता लागते?"

"सातले."

"मग साडेसहा लिहू?"

"सहा लिहा," लताबाई म्हणाल्या. "कन्हानची पहिली बस लवकर येते."

मी सहा लिहिलं.